मे महिन्यातला मराठवाडा : सहा दिवस, तीन पिढ्या

ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं एकच प्रश्न विचारला: मे महिन्यात मराठवाडा? कारण साधं होतं. लेकाला सुट्टी मेमध्येच, आईला माहेरी अंबाजोगाईला जाऊन तीन वर्षं झालेली, आणि तुळजापूरचं दर्शनही राहून गेलेलं. आई ७६ वर्षांची, लेक दहाचा. उन्हाचा त्रास सगळ्यात आधी होतो तो याच दोन वयांना. म्हातारपणी तहान लागल्याचं लवकर कळत नाही आणि पोरांना कळलं तरी खेळ सोडवत नाही. त्यामुळे जायचं ठरलं तेव्हा मी आधी उन्हाचा विचार केला आणि मग ठिकाणांचा.

सामानात मुद्दाम घेतलेल्या वस्तू फार नव्हत्या. तीन पांढरी सुती उपरणी, पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, ओआरएसची पाकिटं, दोन मोठ्या बाटल्या आणि आईच्या हट्टानं चार कांदे. आईच्या मते खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. माझ्या मते तो जेवताना भाकरीबरोबर खाल्लेला बरा. आम्ही दोन्ही केलं.

पहिला दिवस : संभाजीनगर

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालो आणि पहाटे साडेपाचला उतरलो. (आईच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे.) हवेत गारवा होता. लेक म्हणाला, "कुठे आहे ऊन?" नऊ वाजता त्याला उत्तर मिळालं.

लॉजच्या खोलीत मोठा पत्र्याचा कूलर होता, वाळ्याच्या ताट्या लावलेला. वास छान येत होता, पण तासाभरात खोली चिकट झाली, गाद्या दमट लागायला लागल्या, आईला गुदमरल्यासारखं वाटू लागलं. कारण एकच, खोलीची खिडकी जाम झालेली. कूलर म्हणजे एसी नव्हे. तो ओल्या वाळ्यातून कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि गार पण ओलसर हवा आत येते. त्या ओलसर हवेला बाहेर जायला वाट नसेल तर पुढचं पाणी वाळतच नाही, मग गारवाही नाही. म्हणून कूलर चालू असताना समोरची खिडकी बोटभर तरी उघडी हवी. मुंबईच्या दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग होत नाही, पण मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्याइतका इमानदार सोबती नाही. आम्ही खोली बदलून घेतली. नव्या खोलीची खिडकी उघडत होती, आणि दुपारी आई चक्क चादर घेऊन झोपली.

संध्याकाळी साडेपाचला पाणचक्कीला गेलो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून इथवर आणलेलं. भिंतीच्या उंचीवरून ते हौदात पडतं. मला आवडली ती हौदाखालची जागा. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत. जाड खांबांवर सगळा पाण्याचा भार तोललेला आणि खाली दर्ग्यात आलेल्या वाटसरूंनी विसावा घ्यायचा. डोक्यावर पाणी, भोवती दगड, आत सावली. त्या दिवशी पाण्याची धार बारीकच होती, तरी हौदाच्या कठड्यावर बसल्यावर वाऱ्याची झुळूक ओली होऊन येत होती. आई म्हणाली, "इथंच बसू. जेवायलाही उठवू नकोस."

दुसरा दिवस : वेरूळ, आणि मग झालेली चूक

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, बाकी दिवशी सूर्योदयाला उघडतात. आम्ही सव्वासहाला दारात होतो. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. याचा उन्हाळ्यातला अर्थ मला तिथे उभं राहिल्यावर कळला: सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो आणि लेण्यांच्या पुढचा भाग डोंगराच्याच सावलीत असतो. दुपारनंतर तेच काळे कातळ समोरून भाजून निघतात. कैलासचं प्रांगण तर डोंगर वरून खाली खोदत नेलेला खोल चौक. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात घडवलेला. साडेआठपर्यंत त्या चौकात आम्ही गार फरशीवर अनवाणी फिरलो. लेकानं हत्तीच्या पायाला पाठ टेकवली आणि म्हणाला, "आई, फ्रीजसारखा आहे."

एकूण ३४ लेणी आहेत. आम्ही नऊच बघितली, पण निवांत. साडेदहाला बाहेर पडून घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि तिथून सरळ खोलीवर यायला हवं होतं. मी तसं केलं नाही. देवगिरी वाटेतच आहे, पुन्हा कशाला यायचं, अर्धाच चढू, असं मी ठरवलं. पावणेबारा वाजले होते. आईला दाराशी कडुलिंबाखाली सरबतवाल्याच्या बाकड्यावर बसवलं आणि लेकाला घेऊन आत गेले.

त्यानं काळा, चकचकीत कापडाचा खेळाचा टी-शर्ट घातला होता. सकाळी तो बदलायला लावायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. चांद मिनार मागे टाकून थोडं चढलो असू, लेकाचं बोलणं थांबलं. मग म्हणाला, डोकं दुखतंय. मग मळमळ. चेहरा लालबुंद, घामानं कपाळ निथळत होतं, पण हाताला हात लावला तर तो गार आणि ओलसर. माझ्या पोटात गोळा आला.

कमानीच्या सावलीत एक काकडीवाल्या आजी टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. लेकाला आडवं केलं, माझं उपरणं ओढून त्यांच्या घागरीतल्या पाण्यात बुचकळलं आणि त्याच्या मानेला, काखेत, छातीला लावलं. टी-शर्ट काढायला लावला. टोपलीवरच्या पुठ्ठ्यानं वारा घालत राहिल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, लेकराला या टायमाला गडावर आणतेत का? इथं लोकं दिवस उगवायला येतेत आन् दहाच्या आत उतरतेत." मी त्याला घटाघट पाणी पाजायला निघाले होते, त्यांनी हात धरला. "घोट घोट. नाही तर वकंल." मी बाटलीत ओआरएस कालवून चमच्याचमच्यानं दिलं. वीस मिनिटांत रंग परतला. अर्ध्या तासानं त्यानं काकडी मागितली, मीठ लावून. आजींनी पैसे घेतले नाहीत.

आमचं निभावलं, कारण घाम सुटत होता आणि लेक शुद्धीत बोलत होता. हे ऊन लागणं झालं. उष्माघात याच्या पुढची पायरी: अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चाल डळमळीत, शुद्ध हरपणं, बऱ्याचदा घामही थांबलेला. तसं दिसलं तर सावलीत नेऊन अंग ओलं करत, वारा घालत लगेच १०८ ला फोन करायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण मी आता फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

परतताना गाडी उन्हात उभी होती. आमचे ड्रायव्हरदादा म्हणाले, "थांबा ताई, बसू नका." चारही दारं उघडून दोन मिनिटं ठेवली, मग काचा खाली करून थोडं अंतर चालवली आणि नंतर एसी लावला. कोंडलेली तापलेली हवा आधी बाहेर घालवली की एसीचं काम निम्मं होतं. शहर जवळ आल्यावर एसी बंद करून त्यांनी पुन्हा काचा खाली केल्या. "एकदम थंडातून एकदम उन्हात नको. आजींना चक्कर येती."

तिसरा दिवस : पैठण

सकाळभर आणि दुपारभर काही केलं नाही. लेक कूलरसमोर पुस्तक वाचत पडला होता. दहीभात, ताक, पुन्हा ताक. लघवी पिवळीजर्द आहे की फिकी, हे मी त्याला स्वतःला बघायला शिकवलं. तहानेपेक्षा ती खूण खरी.

साडेचारला एसटी पकडली. आमच्या तिघांत एकही पूर्ण तिकीट नव्हतं: आई ७५ च्या वरची म्हणून फुकट, मला महिलांची सवलत म्हणून अर्धं, लेकाचं वयामुळे अर्धं. गाडीत चढताना आई म्हणाली, "डावीकडे बसा." पैठण दक्षिणेला. दुपार कलल्यावर सूर्य उजवीकडून येतो. सकाळी हीच गाडी असती तर उजवीकडे बसायचं. एवढी साधी गोष्ट, पण दीड तास तापल्या पत्र्याशेजारी बसायचं की सावलीत, हे त्यावर ठरतं.

पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन घेऊन गोदावरीच्या घाटावर गेलो तेव्हा सूर्य मावळत होता. आईनं लेकाला दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी तिच्याकडूनच लहानपणी ऐकल्या होत्या. ऐन दुपारी याच गोदेच्या वाळवंटात एक पोर चुकून रडत होतं, वाळूचे चटके बसत होते, शिवाशिवीच्या भीतीनं कुणी उचलेना, आणि एकनाथांनी त्याला कडेवर घेऊन घरी पोचवलं. आणि दुसरी, काशीहून रामेश्वराला वाहायला आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. दोन्ही गोष्टी उन्हाच्या आहेत, हे मला इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं. लेकानं वाकून वाळूला हात लावला. सूर्य बुडाला होता तरी वाळू कोमट होती. "दुपारी किती तापत असेल?" असं त्यानं विचारलं आणि मग बराच वेळ तो गप्प होता. देवगिरीवरची काकडीवाली आजी त्याला आठवत असावी, मला तरी तीच आठवत होती.

चौथा दिवस : बीडमार्गे अंबाजोगाई

पहाटे सहाची गाडी. बीडला उतरून रिक्षानं खजाना बावडी गाठली. निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली ही विहीर. भुयारी मार्गांनी तिच्यात पाणी येतं आणि तसंच उतारानं शेतांकडे जातं, मोटेशिवाय, पंपाशिवाय. पायऱ्या उतरताना प्रत्येक टप्प्याला हवा बदलते. वर घाम, खाली मानेवर गार हात ठेवल्यासारखं. जुन्या लोकांनी बारवा बांधल्या त्या फक्त पाण्यासाठी नव्हेत. वाटसरूला दुपार काढायला ती जमिनीखालची खोलीच होती. आई वरच बसली, तिच्या गुडघ्यांना पायऱ्या नकोत.

पुढचा प्रवास मात्र चुकीच्या वेळी झाला. गाडी उशिरा सुटली आणि मांजरसुंब्याच्या घाटात बारा वाजले. खिडकीतून येणारा वारा म्हणजे भट्टीचं तोंड. शेजारी बसलेल्या एका काकांनी आपला गमछा बाटलीतल्या पाण्यानं भिजवून खिडकीच्या गजांना बांधला. झाला वाळ्याचा पडदा. आम्हीही उपरणं बांधलं. दहा-पंधरा मिनिटांत ते वाळून कडक व्हायचं, पुन्हा भिजवायचं. काकांच्या डोक्यावर चांगला जाडजूड पटका होता. लेकानं विचारलं, इतकं कापड डोक्यावर घेऊन गरम नाही होत? ते म्हणाले, "अरे, ह्येच्यानंच तर ऊन डोक्याला पोचत नाही." पदरांमध्ये अडकलेली हवा ऊन अडवते. पांढरं धोतर, पांढरी बंडी, डोक्याला पटका. शेतात दिवस काढणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच पोशाख ठेवला तो उगाच नाही.

पाचवा दिवस : अंबाजोगाई, मामीचं माळवद

खरं तर सगळा प्रवास या एका दिवसासाठी केला असं आता वाटतं.

मामींचं घर माळवदाचं. मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचा जाड थर. दारातून आत पाऊल टाकलं की डोळ्यांना काही दिसेनासं होतं आणि अंगाला मात्र आधी कळतं. बाहेर ४२ अंश. आत पंखा संथ फिरत होता, तोही मामींनी आमच्यासाठी लावलेला. जाड माती दिवसभर ऊन शोषत राहते आणि ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तेव्हा मग घरात थांबायचं नाही, वर जायचं. शेजारी नवीन झालेल्या सिमेंटच्या घरात दुपारी तीनला मी पाच मिनिटं बसले, छत हाताला तव्यासारखं लागत होतं. त्यांच्याकडे एसी आहे, आणि वीज गेली की ते सगळे मामींच्या ओसरीवर येतात.

आल्या आल्या गूळ आणि पाणी. मग ज्वारीची आंबील, ताकात रात्रभर आंबवलेल्या पिठाची, वर जिरं आणि ठेचलेला लसूण. लेकाला आवडेल असं वाटलं नव्हतं, त्यानं दोन वाट्या प्यायली. जेवायला भाकरी, कांदा, कैरीची चटणी, ताक. दुपारी पन्हं. मामींचं पन्हं निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीचं असतं, त्यात गूळ आणि "घामातून जातंय तेवढं" मीठ. त्या मीठ टाकतात ते चवीच्या हिशेबानं नाही, घामाच्या हिशेबानं.

माठाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. ओसरीच्या कोपऱ्यात, जिथे वारा लागतो पण ऊन येत नाही अशा जागी, लाकडी तिवईवर मामींचा माठ असतो. त्याच्या पोटाला हात लावला की ओलसर लागतं, बोटाच्या पेरावर बारीक दव येतं. तेच दव वाळताना आतलं पाणी गार करतं. मामी दर उन्हाळ्यात नवा माठ घेतात, कारण जुन्याची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात आणि मग तो पाझरत नाही. आतून साबण लावायचा नाही, नुसतं पाण्यानं विसळायचं. भोवती ओलं फडकं गुंडाळायचं. आणि माठावर झाकण असतं, पण माठातलं पाणी पेल्यानं बुडवून घ्यायचं नाही, ओगराळ्यानं. लेकानं पहिल्यांदा पेला बुडवला तेव्हा मामींनी ते सगळं पाणी झाडांना घातलं आणि माठ पुन्हा भरला. त्याला रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बाळा, हे पाणी आठ दिवसांनी येतंय नळाला."

ते वाक्य मला लागलं. गारव्याची आपली जवळपास सगळी साधनं पाणी पितात: कूलर, ओलं उपरणं, दोनदा अंघोळ. इथून ६० किलोमीटरवर लातूर. एप्रिल २०१६ मध्ये तिथे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मामींच्या घरी अंघोळ एका बादलीची, आणि तेच पाणी मोरीतून जास्वंदीच्या आळ्यात. त्या दिवसापासून आम्ही उपरणी नळाखाली धरली नाहीत, पेलाभर पाण्यात भिजवली. तेवढ्यानं काम भागतं. पाहुण्यांनी तरी हे पाळायलाच हवं.

सकाळी साडेपाचला मुकुंदराजांच्या समाधीकडे गेलो होतो, दरीत उतरून. मराठीतला आद्यग्रंथ मानला जाणारा 'विवेकसिंधु' ११८८ चा, त्याच्या कर्त्याची ही समाधी. दरीत झाडी, मोरांचे आवाज, सात वाजेपर्यंत ऊन तळाशी पोचतच नाही. योगेश्वरीचं दर्शन आईनं संध्याकाळी मामींबरोबर घेतलं. दोघी रिक्षानं गेल्या आणि चालत आल्या, एवढ्या गप्पा होत्या.

रात्री माळवदावर. दिवेलागणीलाच मामींच्या सुनेनं वर पाण्याचा हलकासा शिडकावा केला होता. मातीचा वास अजून होता. वाकळी अंथरल्या, उशाला तांब्या. कोरड्या हवेतली उष्णता रात्री झपाट्यानं उतरते, हे शाळेत वाचलेलं मी अंगानं त्या रात्री अनुभवलं. दहाला पांघरूण नको होतं, एकला आई म्हणाली चादर दे, चारला लेक माझ्या कुशीत शिरला थंडी वाजते म्हणून. मे महिन्यात.

सहावा दिवस : तुळजापूर, नळदुर्ग

पाचला निघालो, लातूर डोळ्यांवर झोप असतानाच मागे पडलं. तुळजापूरला देवळात पोचलो तेव्हा दगडी फरशी पायाला कोमट लागत होती. दर्शन घेऊन अकराला बाहेर आलो तर त्याच फरशीवरून लोक पळत होते. जिथे ओली गोणपाटं टाकली होती तिथेच आम्ही पाय टाकले, आईला दोघांनी दोन बाजूंनी धरून. चपला दूर ठेवल्या असतील तर पातळ सुती मोजे बरोबर असावेत, हे त्या पन्नास पावलांत शिकले. दुपार भक्तनिवासात झोपून काढली. साडेतीनपर्यंत लेक एकदाही "निघायचं का?" म्हणाला नाही. त्यानंच घड्याळ बघून सांगितलं, "चारनंतर."

नळदुर्ग बघायचा होता तो पाणीमहालासाठी. बोरी नदीवर घातलेला दगडी बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेला. पावसाळ्यात पाणी चढलं की नर आणि मादी असे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आत बसलेल्या माणसाला थेंब लागत नाही. मेमध्ये धबधबे नव्हते, नदीत जागोजाग डबकी आणि त्यांत बगळे. तरीही अरुंद जिना उतरून त्या खोलीत गेलो आणि आई पहिल्यांदाच म्हणाली, "मला खाली नेलंस ते बरं केलंस." खिडकीतून वारा येत होता, दगड गार होता. लेक खिडकीच्या कोनाड्यात पाठ टेकून बसला. त्यानं स्वतःहून बाटली उघडली, थोडं पाणी उपरण्यावर ओतलं, पिळलं आणि आजीच्या मानेवर ठेवलं.

"जास्त ओतलं नाही," माझ्याकडे बघून त्यानं सांगितलं.

सहाला रखवालदार बंद करायची वेळ झाली म्हणून सांगायला आले, आणि म्हणाले, "ऑगस्टात या. पाणी बघायला." सोलापूरहून रात्रीची रेल्वे होती. मामींनी दिलेल्या पन्ह्याचे शेवटचे तीन पेले आम्ही फलाटावर प्यायलो.